बर्गे

साडेअकरा. केर्लीच्या पुढं, पन्हाळ्याच्या चढाला
दस्तगीर गाडी वीसच्या वर जाऊ देत नाही.
मांडीवर लॅपटॉप, काचेला चिकटवलेले चार फोन,
टपावर अँटेना. तिच्याकडं बघून
चहावाल्यानं विचारलं होतं, इलेक्शन लागलं काय?

मी इथल्या हवेचं माप घेते.
पडद्यावर बाराशे वाहक एका ओळीत,
गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या राहतात तसे
खेटून, तरी एकाचं शेपूट दुसऱ्याच्या अंगाला लागत नाही:
एकाचा माथा जिथं, तिथं बाकी सगळ्यांचं शून्य.
एवढीच शिस्त. तेवढ्यावर शहर बोलतं.

वळण आलं. डोंगरानं अंग मध्ये घातलं.
एक लहर टॉवरवरून सरळ आली,
एक कड्यावर आपटून,
एक कुणाच्या तरी गुऱ्हाळाच्या पत्र्यावरून उशिरा,
आणि तिघींच्या भांडणात ओळीच्या मधोमध खड्डे पडले.
काही वाहक गेले. शेजारचे ठणठणीत.
यंत्रानं आरडाओरडा केला नाही.
जिथं वाट स्वच्छ, तिथं एका खेपेला सहा बिट लादले,
जिथं गढूळ, तिथं दोन,
जिथं काहीच टिकेना तिथं रिकामी खेप.
आणि पुढच्या क्षणी परत विचारलं: आता?

हे मी पुण्यात शिकले, सहाव्या सत्रात.
सर म्हणाले, उंचसखल तळावर पाणी ओता,
पातळी एकच ठेवा, खोल तिथं जास्त मावेल.
वर्गात मी एकटीच हसले.
आमचे आप्पा भोगावतीवर बर्गे घालायचे.

चौतीस वर्षं. खाकी शर्ट, कमरेला दोर.
दसरा झाला की मोरीमोरीत फळ्या उतरवायच्या,
दोन ओळींच्या मध्ये माती ठासायची,
मृगाच्या आधी सगळ्या वर.
मधल्या दिवसांत कान पाण्याकडं.
"समद्या मोऱ्यास्नी एक माप लावायचं न्हाई, पोरी.
हितं जोर हाय, हितलं दोन काढ.
ती पल्याडची गाळानं भरलीया,
तिच्यावर जीव काढून उपेग न्हाई. आज नगं. उद्या बगू."

मार्चमध्ये राजारामपुरीत त्यांचे कान तपासले.
डॉक्टरांनी आलेख सरकवला, आणि मी तो वाचला
वर लिहिलेलं आप्पांचं नाव वाचायच्या आधी.
डावीकडं ठीक. दोन हजारांनंतर उतार,
चार हजारांवर कडाच तुटलेला.
पाण्याच्या गाजेनं वरचे आवाज नेले होते:
स गेला, श गेला, फ आणि थ,
च अधूनमधून.
आई ओरडत राहिली. ओरडणं म्हणजे
बुजलेल्या मोरीवर सगळी नदी सोडणं.
मशीन त्यांनी दोन दिवसांत काढून ठेवलं,
शिट्टी मारतंय म्हणून.

मग मी शब्द बदलले.
'सुखरूप पोचले' म्हणत नाही, 'घरी आले' म्हणते.
'औषध' जात नाही, 'गोळी' जाते.
शुक्रवारचं काही सांगायचं तर 'गुरुवारनंतर'.
भावाचं नाव शशिकांत. त्याला आम्ही आता
घरात बाळू म्हणतो. त्याला आवडत नाही.

वाघबिळाच्या अलीकडं फोन वाजला. त्यांचाच.
"कुठं हाईस?"
पडद्यावर अर्धी ओळ पडलेली, चारातले दोन फोन मुके,
माझा आवाज बहुतेक दोन-दोन बिटांनी चालला होता.
म्हटलं, "डोंगर. घाट. गाडी हळू."
पलीकडं बराच वेळ काही नाही.
हात वर केला तशी दस्तगीरनं गाडी थांबवली.
सिग्नल पडलाय की ते विचार करतायत,
हे मोजायचं साधन माझ्या गाडीत नव्हतं.
मग: "बरं. दोन काढ. वाट बग."

काय ऐकलं असेल कुणास ठाऊक.

दस्तगीरनं विचारलं, काय म्हणाले?
मी नोंद टाकली. अक्षांश, रेखांश, वेळ.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
थांबल्यावर पोचतं.