ओलाव्याची नोंद

इमिंगहॅमच्या धक्क्यावर पाऊस आला
की भोंगा वाजतो, जहाजाची झाकणं मिटतात,
टास्कर म्हणतो, चहा.
जन्मभर पावसात उभं राहिलेलं झाड
आता एक थेंब सोसत नाही.
भिजलं की फुगतं, फुटतं, भुसा होतं.
खडूच्या तुकड्याएवढी कांडी,
रंग शिळ्या भाकरीचा.

माझं काम लहान आहे.
प्रत्येक खेपेतून नमुना घ्यायचा,
तीनशे ग्रॅम, पत्र्याच्या ताटलीत,
एकशे पाच अंशांवर रात्रभर ठेवायचा,
सकाळी पुन्हा तोलायचा.
जे घटलं ते पाणी.
लुइझियानाच्या कुठल्या ओहोळाचं, कुठल्या जुलैचं,
मी विचारत नाही.
लिहिते: ओलावा, सहा पूर्णांक चार.
आणि ते पाणी भट्टीच्या नळीतून वर जातं,
लिंकनशरच्या ढगात मिसळतं,
बहुतेक खाली येऊन त्याच झाकणांवर पडतं.

मी आले तेव्हा
वर्षभराच्या खेपा एका वहीत मावत.
बाल्टिककडून यायची बुटकी जहाजं;
इल्झे मूठभर कांड्या नाकाशी धरायची,
म्हणायची, हा आमच्याकडचा पाइन.
तिच्या गावाचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही.
मग अटलांटिकपलीकडची यायला लागली,
एक टोक धक्क्याला, दुसरं धुक्यात.
आकडा पाच अंकी होता, सहा झाला, सात झाला.
रकाना अपुरा पडला, तो आम्ही रुंद केला.
इल्झे अजून वास घेते.
बोलत मात्र काही नाही.

डेरेक स्टॅमर्स याच रुळांवरून
यॉर्कशरच्या वीजघराला कोळसा न्यायचा.
आता त्याच वीजघराला लाकूड नेतो, झाकणबंद डब्यांतून.
म्हणतो, कोळसा तरी काय, लाकूडच की,
फक्त त्याला घाई नव्हती.

रविवारी बाबांचा फोन.
बत्तीस वर्षं बल्लारशाच्या डेपोत
ऐन, बिजा, साग, धावडा,
घेर मोजून, बुडख्यावर हातोड्याचा ठोका मारून
एकेका ओंडक्याला नंबर देणारा माणूस.
जळाऊ बीटसुद्धा दोरी लावून रचून घ्यायचा,
ढलपी इकडची तिकडे होऊ द्यायचा नाही.
विचारतो, तुमच्याकडे ठोका कुठे मारतात?
मारत नाहीत, बाबा.
मग झाडं किती आली?
टन सांगते.
टन नको, झाडं.
मी गप्प.
आणि धूर? तो कुठल्या खात्यात?
इथल्या वीजघराच्या नावावर शून्य, मी सांगते,
झाड तोडलं त्या देशाच्या वहीत धरतात.
धरलं का त्यांनी?
असेल धरलं.
‘असेल’ असं आमच्या रजिस्टरात लिहिलं असतं तर
साहेबानं मेमो दिला असता, तो म्हणतो,
आणि मग गुडघ्याबद्दल बोलतो, बराच वेळ.

परवाच्या नमुन्यात साल सापडली.
नखाएवढी, तांबूस, खवलेदार,
गिरणीच्या दातांतून कशी सुटली कोण जाणे.
एका बाजूला कुणा किड्याने कोरलेली वाट,
अर्ध्यावर तुटलेली.
नियमाप्रमाणे तिचं वजन करायला हवं होतं.
मी ती ॲप्रनच्या खिशात टाकली
आणि पुढच्या ओळीत लिहिलं:
परकी वस्तू, निरंक.
हातात पेन होतं, ओल नव्हती,
तरी अक्षर फुटलं.

फोटो पाठवला बाबांना.
दुसऱ्या दिवशी उत्तर आलं:
यावर हातोडा मावायचा नाही.
खाली, थोड्या वेळाने:
जपून ठेव.

पाऊस थांबला आहे.
टास्कर कप विसळतो, बाहेर भोंगा,
झाकणं उघडायला लागलीत,
आणि बंदरभर, डिझेलच्या वरून,
नुकतंच करवतलेलं काहीतरी.