डावा पाय

बिरकत अल मौझच्या चौकीवर
पोलिसाने आमची पांढरी सेडान परतवली.
रागावला नाही. वाकून चाकं बघितली,
मग मागच्या सीटवरची भाकऱ्यांची पिशवी,
आणि बोटं दाखवली: चार.
चारही चाकं ओढत असतील तरच वरचा डोंगर.
ताहेराने भाकऱ्या तिथेच सोडल्या, खजुरीच्या सावलीत.
गुलाबांच्या बागा पोरींनी फोनवर बघितल्या.

तेव्हापासून दर शुक्रवारी असरनंतर वादी कबीर.
तापलेले पत्रे. बोनेट उघडा, बोनेट पाडा.
प्रत्येक गाडी म्हणे एका लेडी डॉक्टरने वापरलेली.
मस्कतमध्ये इतक्या लेडी डॉक्टर असत्या
तर अफराहच्या दम्याला
तिसऱ्या दिवसाचा नंबर का मिळतो?

सोबत नझीर परकार, दापोलीचा,
बत्तीस वर्षं गिअरबॉक्सांची पोटं उघडतोय.
तेलात बोट बुडवून वास घेतो:
करपलंय. वाळूत नाचवलीय हिला.
सीव्हीटी म्हणजे, तो सांगतो, दोन कप्प्या, एक पट्टा,
पायऱ्याच नाहीत, नुसती घसरगुंडी.
"गावात लोणी, भाई. पण घाटात,
एसी चालू, सात माणसं, बाहेर सेहेचाळीस,
पट्टा कण्हायला लागतो."
ड्युअल क्लच हुशार,
पण गर्दीत नव्या जावयासारखा,
आत येऊ की दारातच थांबू.
आणि हा साधा सहा गिअरचा ऑटोमॅटिक,
पेट्रोल जरा जास्त पितो,
"म्हातारा बैल आहे. जुवाखाली बसत नाही."

मी विचारलं, मॅन्युअल?
परकार हसला.
ताहेराकडे बघायचं टाळून हसला.

मी केळशीच्या चढावर शिकलो, मामूच्या टेम्पोवर.
दुसरा पडायचा नाही,
शिवी दिली की पडायचा.
गाडी आधी तळपायाला कळते, मग डोक्याला,
असं मी अजून मानतो.
डावा पाय नुसता ठेवून द्यायचा,
पाहुण्याच्या चपलेसारखा?

ताहेरा शोरूममध्ये काही बोलली नाही.
पिंपांमधून गाडी मागे घेण्यात तीनदा नापास झालेली बाई,
चौथ्यांदा पास.
कार्डावर छापलंय: फक्त ऑटोमॅटिक.
रात्री हिशेबाची वही मिटताना म्हणाली,
"मॅन्युअल घेतलीत तर ती तुमची गाडी.
घराची कशी?"

मी महिन्यातले पंधरा दिवस मरमूलला, तेलाच्या विहिरींवर.
मार्चमधल्या त्या रात्री अफराहचे ओठ निळे पडले
आणि ताहेराने टॅक्सीसाठी एकोणीस मिनिटं वाट बघितली.
ते तिने काढलं नाही.
मलाच आठवलं, पाणी प्यायला उठलो तेव्हा.
आमची सेडान खाली उभी होती,
पाच गिअर, सगळे माझे.

घेतली. राखाडी, नऊ वर्षांची,
सहा गिअरचा म्हातारा बैल,
शेजारी चार चाकांचं आखूड लिव्हर.
दोन हजार सातशे रियाल, तीस हप्ते.
परकारने सीटखाली लिंबू ठेवलं. का, ते सांगितलं नाही.

पुढच्या एप्रिलात तीच चौकी.
पोलिसाने खिडकीतून आत बघितलं,
लिव्हर बघितलं, स्टिअरिंगवरची बाई बघितली,
हात हलवला.
चढताना मी शेजारी,
उजवीकडे कातळ, डावीकडे नुसती हवा.
वळण आलं की खालच्या मॅटवर माझा पाय दाबला जायचा.
तिथे काहीही नव्हतं.
गिअर आपोआप बदलायचा,
मला न विचारता,
आणि मी प्रत्येक वेळी मनात एक आकडा म्हणायचो.

गुलाब बरेचसे खुडून झाले होते.
भट्टीजवळ वास होता, धुराचाही.

उतरताना सांगायचं होतं,
ब्रेकवर जाऊ नको, जळतील, दोनमध्ये टाक.
तोंड उघडलं.
लिव्हर आधीच दोनवर होतं.

मागून अफराह म्हणाली,
अब्बा, पाय का आपटताय सारखा?
मी म्हटलं, मुंग्या आल्यात.