नाक नसलेल्या गोळ्या

लिबी, मोंटाना. फेब्रुवारी.
गॅरेजच्या पत्र्यावरून बर्फ धप्पकन घसरतो.
ऑर्विन मान वर न करता म्हणतो, "गेला."

टेबलावर कॉफीचे तीन डबे.
टायरवाल्याकडचं शिसं वितळवून ओतलेल्या गोळ्या:
एकात गोल नाकाच्या, बोरासारख्या गुळगुळीत,
दुसऱ्यात खांद्याला धार, शेंडा छाटलेला.
तिसऱ्यात नुसते ठोकळे. नाकच नाही.

"गोल नाक कुठे अडत नाही,
पण कागद बघ."
तो जुनं टार्गेट दिव्यापुढे धरतो:
कडा आत वळलेल्या, चिंध्या,
कुठल्या रेघेला शिवली
यावरून तासभर भांडावं.

थेल्मा ठोकळा उचलते, नखाने धार चाचपते.
एकतीस वर्षं शाळेच्या कचेरीत
तिने कागदांना भोकं पाडली आहेत.
"ह्याचं भोक फाईलला लावण्यासारखं पडेल."

"लांब गेला की भरकटतो हा."
"मला कुठे जायचंय लांब?"

तिसऱ्या डब्यावरची चिठ्ठी लेलंडच्या अक्षरात.
तारीख गेल्या हिवाळ्याची.
ऑर्विन ती बाजू भिंतीकडे वळवतो.
थेल्मा पुन्हा स्वतःकडे.

मग निवडायला बसतात, दीर आणि भावजय,
मधे मेणाचा वास.
एका ठोकळ्याच्या बुडाला खळगा निघतो,
शिसं पुरतं तापलं नव्हतं, किंवा
ओतणाऱ्याचा हात थरथरला असेल.

अशी गोळी परत भांड्यात टाकायची असते.
ऑर्विन ती दोनदा उलटीसुलटी करतो,
चष्मा पुसतो,
आणि शर्टाच्या खिशात टाकतो.

थेल्मा बघते.
"एक कमी लिहू?" विचारते.