पाणी इथपर्यंत होतं

दोन गाड्या, अकरा माणसं, आणि मुकेर्रेम आत्याची
स्वतःची उशी, कारण परक्या उशीवर
तिला परकी स्वप्नं पडतात.
कोन्याहून पहाटे निघालो तेव्हा काचांवर दंव होतं.
एईरदिरला उतरलो आणि सुझानने कोट काढून
कुणाच्या तरी हातात दिला;
कुणाच्या, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

माझा नवरा एका गाडीत, माझा भाऊ दुसऱ्या.
दोन वर्षांचा अबोला असाच जपून न्यावा लागतो,
अंड्यांच्या टोपलीसारखा,
मध्ये मुलं, डबे, घड्या घातलेल्या चादरी.
कशावरून झालं ते आता दोघांनाही धड सांगता येणार नाही:
एक व्हॅन होती, थोडे पैसे,
आणि जामीन म्हणून माझ्या नवऱ्याची सही,
लफ्फेदार, लग्नाच्या नोंदवहीत केली होती तशीच.

दुर्सूनच्या लॉजच्या भिंतीवर चौकटीत एक फोटो:
दगडी पायऱ्या, आणि शेवटच्या पायरीला भिडलेलं निळं पाणी.
आम्ही त्याच पायऱ्या उतरलो.
खाली गवत, मग लव्हाळी, मग तडकलेला चिखल,
आणि खूप लांब,
कुणीतरी विसरून गेल्यासारखं, तळं.
"इथपर्यंत होतं," दुर्सून म्हणाला,
कमरेशी हात धरून, शिंप्यासारखा.
"मग इथपर्यंत." हात गुडघ्याशी.
यंदाचं माप त्याने दाखवलं नाही.

"पाणी गेलं कुठे?" सुझानच्या सहा वर्षांच्या पिरायेने विचारलं.
उन्हाने नेलं, माझा भाऊ तुंजाय म्हणाला.
विहिरींनी, सुझान म्हणाली.
सार्प सोळा वर्षांचा, घरून निघाल्यापासून तोंड फुगवून बसलेला,
तो म्हणाला, तुम्ही सगळ्यांनी.
आत्याने डोंगराच्या पायथ्याकडे बोट केलं.
सफरचंदाच्या बागा फुलल्या होत्या,
नजर पोचेल तिथवर पांढऱ्या, कडेला किंचित गुलाबी.
सकाळीच आम्ही त्यांच्यापुढे गाड्या थांबवून
एकमेकांचे फोटो काढले होते.
"ते बघ," ती म्हणाली, "झाडावर चढून बसलंय."

दुपारी तळलेला मासा, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात,
आणि चहाचे इतके पेले
की दुर्सूनच्या बायकोने मोजणं सोडून दिलं.

मग मुलं होडीसाठी हटून बसली. होडी चिखलात.
दुर्सूनची पाठ धरलेली, सार्पच्या कानांत हेडफोन,
उरले दोघेच.
नेजमी पुढून ओढतोय, तुंजाय मागून रेटतोय,
पँटी गुडघ्यावर, पाय अनवाणी.
मी काठावर उभी,
म्हणजे काठ असायचा तिथे.
"डावीकडे."
"माझ्या डावीकडे की तुझ्या?"
दोन वर्षांनंतर पहिलं बोलणं, ते हे.
मी आत्याकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच दटावलं: चूप.
होडी अचानक सुटली, दोघे एकदमच चिखलात बसले,
आणि मुलं हसून हसून लोळली.
ते दोघे नाही हसले.

वाटलं, आता रात्री बोलतील.
नेजमीने मीठ मागितलं, ते हवेकडे.
तुंजायने सरकवलं, तेही हवेकडेच बघत.
बेडूक मात्र पहाटेपर्यंत भांडत होते.
आत्याला स्वतःच्या उशीवरही झोप लागली नाही.

रविवारी घरी येऊन पाहतो तर आमच्या डिकीत
नेजमीची एकच चप्पल, चिखल वाळून दगड झालेली.
दुसरी अर्थातच भावाच्या गाडीत.
"फोन करून सांग त्याला," मी म्हणाले.
नेजमी नळाखाली चप्पल धरून होता,
बारीक धार, लागेल तेवढंच पाणी.
"राहू दे," म्हणाला, "तोच करील."
आणि ओल्या हाताने त्याने फोन
नळापासून जरा लांब सरकवला.