गच्ची सोळा जणांची

रेल्वेच्या भांडारात तीस वर्षं मी नटबोल्ट मोजले,
म्हणूनच ही वही माझ्याकडे आली असावी.
भुसावळ, तापीकिरण अपार्टमेंट, फ्लॅट सोळा.
बिल्डर कधीच नाहीसा झाला,
फाटकावरच्या नावातला ‘ण’ही मागच्या वावटळीत गेला,
आता आम्ही तापीकिरमध्ये राहतो.
शिल्लक नऊ हजार चारशे,
आणि चौथ्या मजल्यावर वारकेंच्या देवघरात
देवांच्या शेजारी एक बादली.

मीटिंग पार्किंगमध्ये. खुर्च्या अकरा, माणसं सात.
तळमजल्याचे फालक म्हणाले,
लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही कधी, मले काय तिचं?
तडवी मास्तरांनी शांतपणे विचारलं,
गच्ची गळते ती वारकेंच्या डोक्यावर,
तर ती वारकेंचीच नाही का?
वारके उठले. मग पाया तुमचा का भो?
तो खचला तर आम्ही वर लटकून राहू?
सगळे हसले. वर्गणी कुणी काढली नाही.
तीनशे तीनचा मालक पुण्याहून फोनवर
हो हो म्हणाला, आणि रेंज गेली.

रात्री मी गणित मांडलं.
एक लाख बारा हजार भागिले सोळा, सात हजार.
बाकी शून्य.
इतकं स्वच्छ उत्तर
की त्यात कुणाचंच घर दिसेना.

मग एक उन्हाळा मी नुसतं पाहिलं,
वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलीने.
नळ चौथ्या दिवशी; पण टाकीतून उतरणारं पाणी
सगळ्यात जोरात पडतं फालकांच्या मोरीत.
तडवी मास्तरांच्या आईची खाट
रात्री नऊनंतर गच्चीवर, भिंत निवेपर्यंत.
फालकवहिनी: बिबड्यांची परात, जुनी लुगडी, दगड,
लिफ्टने वर. चार खेपा.
पाचव्या खेपेला मीच दार धरून उभी होते.

ते पान मी कुणाला वाचून दाखवलं नाही.
दिवाळीनंतरच्या मीटिंगला एवढंच म्हटलं,
काम आठ दिवस चालेल, गच्ची बंद राहील,
एप्रिलात धरू या का?
कुणी बोललं नाही.
मग दाराआडून, हाताला पीठ तसंच,
फालकवहिनी म्हणाल्या,
एप्रिलात नको माय, बिबडे राहतील.

सगळ्यांनी फालकांकडे पाहिलं.
फालकांनी लिफ्टच्या दाराकडे.

फेब्रुवारी ठरला.
तीन भाव आले; सगळ्यात स्वस्त होता त्याची गॅरंटी तोंडी होती,
म्हणून सावद्याचा मिस्त्री घेतला, मधला.
तडवी मास्तर चार हप्त्यांत.
फालक गच्चीचे पूर्ण, लिफ्टचे निम्मे;
पावतीवर काय लिहू विचारलं तर म्हणाले, बिबडे लिहा.
पुण्याच्या मालकाला भाडेकरू ठेवायचा होता,
ना-हरकत पत्र हवं होतं.
तेव्हा रेंज आली.

मिस्त्री म्हणाला, आता दोन दिवस
गच्चीत पाणी कोंडून ठेवा, तरच कळेल.
एवढं पाणी कुठलं?
नळाला अजून दोन दिवस होते, टँकरला पैसे नव्हते.
मी जिना उतरून दारोदार सांगितलं.
मग कळश्या निघाल्या, पिंप निघाले,
कुणी कुकरमधून, कुणी मुलाच्या वॉटरबॅगमधून,
फालकांनी दोन हंडे लिफ्टमध्ये ठेवले
आणि कुठलं बटण, ते मला विचारलं.

सोळा घरांचं पाणी वर साचलं, घोट्याएवढंही नव्हतं,
त्यात दीपनगरची चिमणी उलटी दिसत होती.

दोन दिवस आम्ही आळीपाळीने वारकेंच्या देवघरात
छताकडे बघत बसलो, चपला बाहेर काढून.
वारकेवहिनींचा चहा संपला, साखर मास्तरांकडून आली.

वहीत नोंद अशी आहे:
शिल्लक तीनशे दहा.
बादली परत मोरीत.
कोपऱ्यात एक डाग, रुपयाएवढा.
जुना की नवा, यावर एकमत नाही.