पाऊण तास

दिवसभर आम्ही मूग गिळून असतो.
बोलायचा तो एकच पाऊण तास, रात्रीच्या जेवणानंतर,
शेगडीभोवती अर्धगोल करून,
मांडीवर विणकाम, कारण रिकामे हात
मदर कासिल्दांना बघवत नाहीत.

पालेन्सियाच्या पठारावर नोव्हेंबरात वारा असा सुटतो
की मेणबत्तीनेही शाल मागावी.
सात बायका, एक शेगडी. सगळ्या एकदम बोलतात.
एदुविखिसचा डावा कान गेलाय, म्हणून ती डाव्या टोकाला बसते,
आणि तरी दर दोन मिनिटांनी विचारते,
"कोण मेलं?"

फेलिसितास बदामाच्या वड्यांचा हिशोब सांगते.
फिरत्या कपाटातून आज अकरा डबे गेले.
एका बाईने पैशांबरोबर चिठ्ठी ठेवली:
मुलाचा पेपर आहे, भौतिकशास्त्र.
"आता प्रार्थनेत भौतिकशास्त्र कुठे बसवू?"
आम्ही पोट धरधरून हसतो.

घंटा झाली की थांबायचं.
वाक्य असेल तिथे, क्रियापदाच्या अलीकडे का असेना.
माचाकोसहून आले तेव्हा मला हेच सगळ्यात जड गेलं,
थंडीपेक्षा, खारवलेल्या माशापेक्षा.
माझी मावशी म्हणायची,
अर्धी टाकलेली गोष्ट ऐकणाऱ्याच्या दारात
रात्रभर भुंकत बसते.

ब्रिहिदा सांगत होती,
तिच्या बापाचं गाढव लग्नाच्या पंगतीत शिरलं त्या दिवशीचं.
"आणि गाढवाने थेट नवऱ्या मुलीच्या..."
घंटा.
पहाटेच्या प्रार्थनेला तिची जागा रिकामी.

नऊ वर्षं झाली.
नवऱ्या मुलीच्या काय? ताटातला पाव? हातातली फुलं?
प्रत्येकीने आपापलं गाढव पाळलंय.
एदुविखिसचं गाढव मुका घेतं.

मंगळवारी बिशपांचं पत्र आलं.
छप्पर गळतं. वयं झाली. बुर्गोसच्या मठात खोल्या आहेत.
विचार करून कळवा.

मदरनी मतांची पेटी काढली.
पांढरा पावटा म्हणजे राहू.
काळा म्हणजे जाऊ.
एदुविखिसच्या डोळ्यांत मोतीबिंदू;
दोन्ही पावटे तिने गालावर फिरवून पाहिले.
"रंग सांगा गं कोणीतरी."
मदर वाकल्या आणि कानात कुजबुजल्या.
डाव्या.

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. कोणी बोललं नाही,
बोलायची वेळ नव्हती ती.
एदुविखिसने मान डोलावली, सगळं समजल्यासारखी,
आणि भिंत धरत धरत जाऊन
एक दाणा टाकून आली.

चार पांढरे, तीन काळे.

मतं मोजून झाली की नष्ट करावीत, असा नियम आहे.
फेलिसितासला अन्न जाळवेना.
तिने ते सातही पावटे रात्रभर भिजवले
आणि बुधवारच्या सूपमध्ये सोडले.
पेटीतले जुने दाणे ते, शिजता शिजेनात.

माझ्या चमच्यात काळा आला.

मी काळाच टाकला होता.
इथल्या बायकांत मी सर्वांत धाकटी,
एकेक करून सहाजणींचे डोळे मला मिटायचे आहेत,
आणि मग या शेगडीपुढे अर्धगोल करायला
मी एकटी.
हे पाऊण तासात मावत नाही.
चावला नाही. तसाच गिळला.

त्या रात्री शेगडीपाशी कोणीच तोंड उघडेना.
सुया तेवढ्या वाजत होत्या.

"कोण मेलं?" एदुविखिस म्हणाली.

मदर उठून तिच्या उजवीकडे गेल्या.
"कोणी नाही गं. राहतोय आपण."

"मग बोला की," ती म्हणाली,
"घंटा कुठे झालीय अजून."