एकोणिसाव्या दिवशीचं पाणी

गफ्साच्या पश्चिमेला, फॉस्फेटच्या खाणींमागे
माझं गाव हसताना तोंडावर हात धरतं.
लग्नातही. फोटोतही.
खडूवर चहा सांडावा तसे आमचे दात,
हिरडीतून वर येण्याआधीच
विहिरीनं रंगवून ठेवलेले.

स्फाक्सच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी
सरांनी पेन्सिलीच्या शिशाला चिकटपट्टी लावली,
ओढली, दुमडली, पुन्हा ओढली,
काळं करडं झालं, करडं दिसेनासं,
म्हणाले, आता उरलाय तो एका अणूचा पापुद्रा.
बाकीचे वाकून बघत होते.
मला आई आठवली, मल्सूका करणारी :
ओल्या पिठाचा गोळा तापल्या तव्याला टेकवायचा, उचलायचा,
मागे जे राहतं ते खायचं.

पुढे सहा वर्षं मी असलेच पापुद्रे रचले
एकावर एक, हजारो,
दोहोंच्या मधे एवढीच फट
की पाणी एकेका थेंबानंही नाही,
एकेका रेणूनं अंग चोरून जावं.
फ्लोराइड फिरतो पाण्याचा जाड कोट घालून,
कोटासकट दारात मावत नाही,
आणि कोट काढायचा तर त्याला फार कष्ट पडतात.
हे मी गावात असंच सांगितलं.
लझहर म्हणाला, आमच्या कंपनीच्या साहेबासारखा आहे की.

दवाखान्याच्या अंगणात यंत्र बसवलं.
आत जाताना चार पूर्णांक एक,
बाहेर येताना शून्य पूर्णांक सहा.
मी आकडा मोठ्यानं वाचला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
हद्दाआजीनं ग्लास उजेडात धरला, घोट घेतला,
बराच वेळ जिभेवर ठेवला.
"मुकं आहे," म्हणाली.
मग रोज सकाळी एक बाटली घेऊन यायला लागली.

बाराव्या दिवशी शून्य पूर्णांक नऊ.
मीटर धुतला, पुन्हा मोजलं.
पंधराव्या दिवशी एक पूर्णांक चार.
कुठंतरी पाणी मुरत होतं
आणि या वेळी ते खरोखरचं पाणी होतं :
पापुद्र्यांत शिरलेलं, त्यांना फुगवणारं,
फट रुंदावत नेणारं.
कागदावर मला हे ठाऊक होतं. सगळ्यांनाच असतं.
आम्ही कडा शिवल्या होत्या, सांधे घट्ट केले होते,
स्फाक्सच्या पाण्यात तो तीन महिने टिकला होता.

एकोणिसाव्या दिवशी दोन पूर्णांक आठ.
नळ मीच बंद केला.
लझहरनं पुठ्ठ्यावर 'बंद' लिहिलं,
अक्षर सुंदर आहे त्याचं, त्यानं आणखीच वाईट वाटलं.

हद्दाआजी काही बोलली नाही. घरी घेऊन गेली.
पलंगाखाली एकोणीस बाटल्या,
प्रत्येकीच्या गळ्यात लोकरीचा दोरा, दोऱ्याला गाठी :
पहिलीला एक, दुसरीला दोन.
नात सातव्या महिन्यात होती.
"पोर पावडरच्या दुधावर आलं तर," ती म्हणाली,
"यातल्या खोट्या कुठल्या, ते सांग."

मी जमिनीवर बसले.
बोटांनी गाठी मोजल्या, वहीतले आकडे लावले.
सतरा, अठरा, एकोणीस उंबऱ्यापाशी नेऊन ठेवल्या, फरशी पुसायला.
सोळा गाठींची बाटली हातातच राहिली.
एक पूर्णांक सहा. मर्यादा एक पूर्णांक पाच.
थोड्यानं, म्हणायला गेले मी,
थोड्यानं काही...

तिनं माझं तोंड पाहिलं.
मी बोलताना हात धरला होता ओठांवर.
बाटली काढून घेतली, दोरा सोडवला,
पाणी सगळंच्या सगळं किटलीत ओतलं.
"माझं रंगकाम झालेलं आहे," म्हणाली. "साखर किती?"

चहा कडक होता.
वहीत त्या दिवसापुढे मी काय लिहावं ते सुचेना,
पेन्सिल नुसतीच टेकवली, उचलली.
मागे एक ठिपका राहिला.